नवीन क्लच बसवताना बेअरिंगला ग्रीस कुठं लावायचं, कुठं नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लच किट बदलायला आलेली माणसं आणि शिकाऊ पोरं आमच्या गॅरेजला हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. बहुतेक उदाहरणं सोलापुरातल्या रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांची आहेत, अल्टो, वॅगनआर, बोलेरो, फिगो वगैरे. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं काही दिलं असेल तर मॅन्युअलचं ऐका, माझं नको.

रिलीज बेअरिंग नवीन आणलंय, आत ग्रीस भरायचं का?

नाही. हल्लीच्या कारचं रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर पुढं सरकून क्लच सोडवणारं बेअरिंग, सील्ड असतंय, कंपनीतूनच मोजून ग्रीस भरून दोन्ही बाजूनं बंद केलेलं. ते उघडायचं नाही, सीलच्या फटीतून सुई घालून ग्रीस ढकलायचं नाही, आणि बसवायच्या आधी "जरा साफ करून घेऊ" म्हणून पेट्रोल-डिझेलच्या डब्यात तर बुडवायचंच नाही. डिझेल आत शिरलं की आतलं ग्रीस पातळ होतंय, गरम झालं की बाहेर गळतंय आणि नवं कोरं बेअरिंग थोड्याच दिवसात किरकिरायला लागतंय.

हातात धरून फिरवून बघा. चांगलं बेअरिंग थोडं जड पण एकसारखं फिरतं, कारण आत ग्रीस आहे. हात लावला की भिरभिर फिरत राहिलं, खुळखुळ वाजलं तर ते आतून कोरडं झालेलं समजा. काउंटरवरच फिरवून घ्या, दुकानदार काही बोलत नाही.

मग ग्रीस लावायचं नेमकं कुठं?

बेअरिंगच्या आत नाही, पण बेअरिंग जिथं सरकतं आणि ज्यानं ढकललं जातं तिथं. गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर समोर बघा. मधून इनपुट शाफ्ट बाहेर आलेला दिसेल, त्याच्यावर दाते असतात त्याला स्प्लाइन म्हणतात. त्या शाफ्टच्या मुळाशी एक नळी असते, गाइड स्लीव्ह, तिच्यावर रिलीज बेअरिंग पुढं-मागं सरकतं. आणि बेअरिंगला ढकलणारा फोर्क.

स्प्लाइनवर पातळ थर लागतो. क्लच प्लेटचा हब, म्हणजे मधला भाग, या दात्यांवरून सरकतो, पेडल दाबल्यावर प्लेट फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकापासून, सुटायला केसभर का होईना मागं यावी लागते. दाते कोरडे असले, गंजलेले असले तर हब तिथंच अडकतो, प्लेट पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो. लोक म्हणतात गिअरबॉक्स गेला, पण गिअरबॉक्स बिचारा ठीक असतो. जुन्या गाडीचा शाफ्ट बाहेर काढला की दात्यांच्या मुळाशी लालसर बारीक पूड दिसते, ती तिथं कोरडं घासल्याची खूण आहे. ती आधी बारीक वायर ब्रशनं काढायची, पुसायची, मगच ग्रीस. पुडीवरच ग्रीस फासलं तर घासायची पेस्ट तयार होते.

गाइड स्लीव्ह धातूची असेल तर तिच्यावरही पातळ हात. तिच्यावर खाच पडलीय का ते बोट फिरवून बघा, नखाला अडकली तर स्लीव्ह बदला, कारण खाचेत बेअरिंग अडखळणारच, ग्रीसनं खाच भरत नाही.

फोर्कच्या जागा म्हणजे तो ज्या बॉलवर डुलतो तो बॉल, आणि फोर्कची दोन टोकं जिथं बेअरिंगला टेकतात तिथं. इथं थोडं जास्त चालेल कारण हे भाग गोल गोल फिरत नाहीत, ग्रीस उडायचा प्रश्न कमी. आमच्याकडं "नवीन क्लच टाकला तरी चूं चूं आवाज येतोय" म्हणून जेवढ्या गाड्या येतात त्यातल्या बऱ्याच या बॉलवरच्या कोरडेपणाच्या निघतात, बेअरिंगला उगाच शिव्या बसतात.

किती लावायचं? "पातळ" म्हणजे किती?

स्प्लाइनसाठी भाजलेल्या शेंगदाण्याची अर्धी डाळ असते ना, तेवढं, बस. ते बोटानं किंवा जुन्या टूथब्रशनं दात्यांवर पसरायचं. मग क्लच प्लेट हातानं शाफ्टवर चढवायची, दोन-चारदा पुढं-मागं सरकवायची, थोडी फिरवून परत सरकवायची, आणि काढायची. हबच्या दोन्ही तोंडाशी जादाचं ग्रीस गोळा झालेलं दिसेल, ते सगळं पुसून टाकायचं. पुसून जे दात्यांच्या आत राहतं तेवढंच कामाचं. ही प्लेट चढवून-उतरवून पुसायची पायरी निम्मी लोकं गाळतात, आणि पुढचा सगळा घोळ तिथंच सुरू होतो.

एवढं कंजूष का राहायचं त्याचा हिशोब बघा. इंजिन ३००० आरपीएमवर असताना शाफ्टच्या दात्यांवर, म्हणजे मध्यापासून साधारण १२ मिलिमीटरवर, ग्रीसला बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या १२० पटीच्या आसपास जातो. तेच ग्रीस सरकत सरकत मध्यापासून १० सेंटिमीटरवर, म्हणजे लायनिंगपाशी (प्लेटचा घासून पकडणारा थर) पोचलं की तिथं हा जोर गुरुत्वाकर्षणाच्या हजार पट होतो. मग ते थांबतंय कुठं, थेट लायनिंगवर.

एपी थ्री ग्रीस चालेल का? गॅरेजमध्ये तेच असतं.

डबा कुठला आहे ते बघा. एपी थ्री म्हणून मिळणारं ग्रीस साधारण लिथियमचं असतं, लिथियम साबणाच्या ग्रीसचा ड्रॉपिंग पॉइंट म्हणजे ते वितळून थेंब पडायचं तापमान १८० ते १९० अंशांच्या आसपास असतं. फोर्कच्या बॉलला, टोकांना ते चालून जातं. स्प्लाइनसाठी मी लिथियम कॉम्प्लेक्सचं हाय टेंपरेचर ग्रीस वापरतो, त्याचा ड्रॉपिंग पॉइंट २५० च्या पुढं असतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं काळं ग्रीस, ज्याला सगळे मॉली ग्रीस म्हणतात, तेही स्प्लाइनला चांगलं बसतं.

चेसिसला मारतात ते स्वस्त कॅल्शियमचं ग्रीस मात्र बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या, आत नको. पाण्याला ते टिकतं, म्हणून स्प्रिंगच्या पिनांना ठीक आहे, पण त्याचा ड्रॉपिंग पॉइंट १०० अंशांच्याही खाली असू शकतो. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर घसरणाऱ्या लायनिंगचा पृष्ठभाग २०० च्या वर जाऊ शकतो. वर आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये बाहेरच ४२-४३, गाडीखालून येणारी हवासुद्धा गरमच. म्हणजे ते ग्रीस तिथं तेल होऊन वाहणार.

कॉपर पेस्ट काहीजण हौसेनं लावतात. ती बोल्ट जाम होऊ नये म्हणून असते, सरकणाऱ्या भागासाठी नाही. आणि किटच्या खोक्यात ग्रीसची छोटी पुडी आली असेल तर प्रश्नच मिटला, ती वापरा, ती फेकून देऊन आपला डबा उघडू नका.

कुठं ग्रीस अजिबात लावायचं नाही?

लायनिंग, फ्लायव्हीलचा तोंडाचा भाग, प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती) तोंडाचा भाग, हे तर कुणालाही कळतंय. पण खालच्या गोष्टींवर लोक फसतात.

काही रिलीज बेअरिंगची आतली स्लीव्ह प्लास्टिकची असते. प्लास्टिक आणि धातूची जोडी कोरडीच चालावी म्हणून बनवलेली असते, तिथं ग्रीस लावलं की धूळ धरून बसते आणि बेअरिंग अडकायला लागतं. तसंच काही क्लच प्लेटच्या हबवर निकेलचा मुलामा असतो, आतले दाते चांदीसारखे चकचकीत दिसतात. त्या हबलाही ग्रीस लागत नाही, मुलामाच त्याचं काम करतो. किटमधल्या कागदावर हे लिहिलेलं असतं. तो कागद कुणी वाचत नाही, चहाचा ग्लास ठेवायला वापरतात हे मी रोज बघतो.

प्रेशर प्लेटच्या मधल्या फिंगरला, जिथं बेअरिंग टेकतं, तिथं लावायचं ना?

कोरडं सोडा. मॅन्युअलनं खास सांगितलं असेल तेव्हाच लावायचं. पेडल दाबल्यावर बेअरिंगचं तोंड फिंगरबरोबरच फिरतं, घासत नाही, त्यामुळं तिथं ग्रीसला काही काम नाही, आणि ती जागा पूर्ण वेगात फिरत असते म्हणून उडणार मात्र नक्की.

पायलट बेअरिंगचं काय? माझ्या गाडीत आहे का ते कसं कळणार?

फ्लायव्हीलच्या बरोबर मध्ये, क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, टोकाला भोक बघा. त्यात छोटं बेअरिंग किंवा पितळी रंगाची रिंग दिसली तर आहे. इनपुट शाफ्टचं पुढचं टोक त्यात टेकतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हे सहसा असतंच, पुढच्या चाकांवर चालणाऱ्यांत कुठं असतं कुठं नसतं, म्हणून अंदाज न लावता बघून घ्या. आणि गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर बदलूनच टाका, ते स्वस्त असतं आणि परत तिथं पोचायला सगळी मजुरी परत.

त्याचे तीन प्रकार भेटतात आणि तिन्हीची वंगणाची रीत वेगळी.

सील्ड बॉल बेअरिंग असेल तर काही करायचं नाही, बसवा आणि सोडा. ठोकताना फक्त बाहेरच्या रिंगवर जोर द्या, आतल्या रिंगवर हातोडी पडली की बॉलच्या वाटेवर खड्डे पडतात.

निडल बेअरिंग, म्हणजे बारीक सुयांचं, त्याला हाय टेंपरेचर ग्रीस लागतं, सुयांच्या मधल्या फटी भरतील एवढंच. मागच्या पोकळीत गोळा भरून ठेवला तर शाफ्ट आत जाताना तो पिचकारीसारखा बाहेर येतो आणि जातो कुठं तर प्लेटवर.

तिसरा प्रकार बुशचा, सिंटर्ड ब्राँझचा. याच्याबद्दल सगळ्यात जास्त चुकीचं सांगितलं जातं. हा बुश धातूची पूड दाबून, भाजून बनवलेला असतो, अंगभर बारीक छिद्रं असतात आणि त्यात तेल मुरवलेलं असतं. फिरताना गरम झाला की तेल बाहेर येतं, गार झाला की परत शोषून घेतो. याला ग्रीस लावलं की छिद्रं बुजतात आणि तेलाचा रस्ताच बंद. याला इंजिन ऑइलच, साधं ३० नंबरचं. बुश बरेच दिवस दुकानात पडून वाळला असेल तर रात्रभर तेलात बुडवून ठेवा. घाई असेल तर एक जुनी युक्ती आहे, बुशचं खालचं तोंड एका अंगठ्यानं बंद करायचं, आत काठोकाठ तेल भरायचं, वरचं तोंड दुसऱ्या अंगठ्यानं दाबायचं आणि जोरात दाबत राहायचं. थोड्या वेळात बुशच्या बाहेरच्या अंगावर घाम फुटल्यासारखे तेलाचे बारीक थेंब दिसायला लागतात. थेंब आले म्हणजे तेल आरपार गेलं. पहिल्यांदा बघणारं पोरगं हमखास परत करून बघतं.

बुश घेताना खिशात छोटं चुंबक ठेवा. खरा ब्राँझ चुंबकाला चिकटत नाही. चिकटला तर त्यात लोखंड आहे, तो शाफ्टचं टोक खाऊ शकतो. रंग पितळी आहे म्हणून भुलू नका.

जुना बुश निघतच नाही, काय करू?

भोकात ग्रीस गच्च भरा, भोकाच्या मापाचा गोल रॉड किंवा जुना शाफ्ट घाला आणि हातोडी मारा. ग्रीस दबत नाही म्हणून ते मागून बुशला ढकलून बाहेर काढतं. रॉड सैल असेल तर ग्रीस बाजूनं तोंडावर येतं, चष्मा घाला. ग्रीसऐवजी ओला कागद ठासूनही हेच होतं आणि साफ करायला सोपं. बाहेर काही ठिकाणी लोक ओला पाव ठासतात, आपल्याकडं कडक भाकरी भिजवून करता येईल की काय असं एकदा चहावर निघालं होतं, अजून कुणी केलेलं नाही.

काम झाल्यावर ते भोक आणि फ्लायव्हील स्वच्छ पुसा. ही पायरी विसरली की सगळं ग्रीस तिथंच वाट बघत बसतं.

माझ्या गाडीत फोर्कच नाही, बेअरिंग आणि सिलिंडर एकच आहे. तिथं कुठं ग्रीस?

कुठंच नाही. फोर्ड फिगो, इकोस्पोर्ट, शेव्हरले क्रूझ अशा गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबानं बेअरिंग ढकलणारा सिलिंडर, शाफ्टभोवतीच बसतो आणि त्याच्या तोंडावरच बेअरिंग असतं. त्याचे रबरी सील ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असतात, डॉट ३ किंवा डॉट ४. त्या रबराला साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि गळायला लागतं. स्प्लाइनला लागणार असेल तेवढं लावा, सिलिंडरला बोटसुद्धा लावू नका.

आणखी एक, हा सिलिंडर गाडीत बसवायच्या आधी हातानं दाबून बघायची सवय असेल तर मोडा. आणि सगळं जोडून एअर काढल्याशिवाय पेडलवर जोरजोरात पाय मारू नका.

जुनं बेअरिंग आवाज करत नाही, तेच धुऊन ग्रीस लावून वापरू का? पैसे वाचतील.

नको. धुतलं तर वर सांगितलं तसं मरतं, न धुता वापरलं तर ते जुन्या क्लचइतकंच घासून झालंय, नव्या क्लचबरोबर पूर्ण आयुष्य काढणार नाही. परत गिअरबॉक्स उतरवायला लागला की वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट जातात. याच्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

नवीन क्लच टाकल्यावर गाडी उचलताना थरथरते. ग्रीसमुळं असेल का?

असू शकतं, आणि उघडल्यावर लगेच ओळखू येतं. मोहोळकडची एक बोलेरो आमच्याकडं आली होती, दुसरीकडं क्लच टाकून थोडेच दिवस झालेले, पहिल्या गिअरला गाडी थडथड उडायची. गिअरबॉक्स उतरवला तर प्लेटच्या हबपासून लायनिंगपर्यंत सूर्याच्या किरणांसारखे काळे पट्टे उमटलेले, एकेक पट्टा दात्याच्या खाचेतून निघालेला. लायनिंगवर तेवढ्या पट्ट्यात चकाकी आलेली, बाकी जागा मॅट. जिथं ग्रीस तिथं घसरतंय, जिथं नाही तिथं पकडतंय, मग गाडी थरथरणारच. प्लेट बदलली, फ्लायव्हील साफ केलं, दात्यांवर पातळ हात दिला, थरथर गेली. मालकानं ग्रीसची ट्यूब बघितली आणि मला विचारलं, एवढीशीच लावता होय.

पण प्रत्येक थरथर ग्रीसची नसते. क्रँकचा मागचा ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचा पुढचा सील गळत असला तरी असंच होतं, इंजिनाचे माउंट बसले असले तरी होतं, फ्लायव्हीलवर निळे डाग आणि तडे असले तरी होतं. गिअरबॉक्स खाली असतानाच दोन्ही सील बदलून घ्या, सील गळत ठेवून ग्रीसची काटकसर करण्यात काही अर्थ नाही.

बसवताना चुकून लायनिंगला ग्रीसचा हात लागला तर?

बोटाचा ठसा एवढंच असेल आणि गाडी अजून चालवलेली नसेल तर ब्रेक क्लीनर फवारून स्वच्छ कापडानं पुसा, वाळू द्या, चालतं. मोठा डाग असेल किंवा ग्रीस लागलेल्या प्लेटवर गाडी चालवून झाली असेल तर ती प्लेट गेली. लायनिंग ग्रीस पिऊन घेतं, वरून कितीही घासा, गरम झालं की आतलं परत वर येतं. पॉलिश पेपर मारून, गॅसवर शेकून वगैरे उपाय लोक सांगतात, त्यात वेळ घालवू नका.

नवीन प्रेशर प्लेटच्या तोंडावर कंपनीनं गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो मात्र बसवण्याआधी पुसायचाच.

पुसायला काय वापरू?

सुताचा वेस्ट नको, त्याचे धागे सुटतात आणि ग्रीसला चिकटून दात्यात बसतात. टॉवेल तर अजिबात नको, आपल्या सोलापूरच्या टेरी टॉवेलला जीआय टॅग आहे, नाव मोठं आहे, पण त्याची वरची लव इथं शत्रू आहे. जुना बनियन, जुना सुती शर्ट बेस्ट. बनियन वेस्ट म्हणून किलोवर मिळतो तो घ्या.

जुन्या क्लचची काळी धूळ कॉम्प्रेसरनं फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला मास्क लावा. पोरांना हे सांगून पटत नाही, तरी सांगतोय.

आवाज येतोय पण कुठल्या बेअरिंगचा ते कसं ओळखायचं?

गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. कान द्या आणि पेडल हळूहळू दाबा.

पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला आणि दाबून धरला तोपर्यंत राहिला, तर रिलीज बेअरिंग. उलट, पेडल सोडलेलं असताना आवाज आहे आणि पूर्ण दाबल्यावर बंद होतो, तर तो बहुतेक गिअरबॉक्समधला इनपुट शाफ्टचा बेअरिंग, क्लच किट बदलून जाणार नाही, त्यामुळं आधीच सांगून ठेवा, नाहीतर बिल देताना वाद. पाय नुसता टेकवला की चूं चूं थांबतं, पाय काढला की परत, असं असेल तर फोर्कचा बॉल किंवा टोकं कोरडी आहेत असा पहिला संशय घ्या.

पायलटचा आवाज ओळखायला गाडी गिअरमध्ये टाकून पेडल पूर्ण दाबून धरा. तेव्हा शाफ्ट थांबलेला असतो आणि क्रँक त्याच्याभोवती फिरत असतो, म्हणजे पायलटवर सगळ्यात जास्त काम तेव्हाच पडतं. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलं की दोन्ही बरोबर फिरतात, तेव्हा पायलट गप्प. ही तपासणी मोकळ्या जागेत, हँडब्रेक लावून करा, समोर माणूस उभा करू नका.

आणि आवाज केबिनमध्येच, पायापाशी येत असेल तर आधी पेडलच्या पिनेला थोडं ग्रीस लावून बघा. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी दोन मिनिटं तिथं वाकून बघायला काय जातंय.

क्लच जड झालाय, नवीन किट टाकूनही जडच आहे.

मारुतीच्या छोट्या गाड्यांत फोर्क एका शाफ्टवर असतो आणि तो शाफ्ट बेलहाउसिंगच्या बुशमध्ये फिरतो, वर बाहेरून वायरचा लिव्हर. वरच्या सीलमधून पाणी आणि धूळ आत जाते, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल उडून तिथं बसतो, वाळला की सिमेंट. बुश गंजून शाफ्ट जाम होतो आणि पेडल जड लागतं. किट बदलताना हा शाफ्ट हातानं फिरवून बघायचा, कर्रकर्र लागला तर काढून बुश आणि सील बदलायचे, बुशला लिथियम ग्रीस द्यायचं. बरेच जण किट बदलून हे तसंच ठेवतात.

दुसरा संशय वायरवर. नायलॉनचं अस्तर असलेल्या क्लच वायरमध्ये तेल ओतू नका, तेलावर धूळ बसून आणखी जड होते. जड झाली तर वायर बदला.

ट्रॅक्टरला, ट्रकला ग्रीस निपल असते, मग कारला का नाही?

मोठ्या गाड्यांत काही रिलीज बेअरिंग आणि क्रॉस शाफ्टला निपल, म्हणजे बाहेरून गननं ग्रीस भरायचं तोंड, दिलेलं असतं, कारण तिथं बेअरिंग सील्ड नसतं किंवा काम फार जड असतं. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर दिवसभर क्लच दाबतो, त्याला मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांवर गनचे एक-दोन पंप मारायचे. ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारत बसायचं हे चाकाच्या पिनला ठीक, क्लचला नाही. कारमध्ये निपल नाही कारण बेअरिंग क्लचइतकंच चालेल असं भरून दिलेलं असतं.

जुन्या ब्रिटिश धाटणीच्या काही गाड्यांत बेअरिंगऐवजी कार्बनची रिंग असायची. कुणी हौशी माणूस तशी गाडी जपत असेल तर त्या कार्बनला तेल-ग्रीस काही लावू नका.

गिअरबॉक्स परत चढवताना ग्रीस पुसलं जात नाही का?

सरळ चढवला तर नाही. प्लेट आधी सेंटर करून घ्या, अलाइनमेंट टूल नसेल तर जुना इनपुट शाफ्ट डमी म्हणून वापरतात, तोही चालतो, फक्त त्याच्यावरचं जुनं ग्रीस पुसून घ्या. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. गिअरबॉक्स जॅकवर ठेवून सरळ आत सरकवा. अर्धा आत गेला आणि जॅक सोडून चहाला गेलात तर सगळं वजन प्लेटच्या हबवर येतं, हब वाकडा होतो आणि नंतर तीच "कितीही ग्रीस लावा प्लेट सुटत नाही" ची तक्रार. बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेऊ नका, दोन्ही तोंडं हातानं टेकली पाहिजेत.

नंतर काही काळजी?

पहिले ५०० किलोमीटर लायनिंग बसायला द्या, ओव्हरलोड नको, तुळजापूरच्या घाटात गाडी हाफ क्लचवर धरून ठेवायची हौस नको. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या बाजूनं गाडी घालायची असेल तर नवा क्लच असताना जरा लांब लावून चालत जा. आणि पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर रिलीज बेअरिंग सतत फिरतं, त्याला कुठलंही ग्रीस वाचवत नाही. वायरच्या गाडीत पेडलला थोडा फ्री प्ले, म्हणजे मोकळा खेळ, ठेवा, किती ते मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं.

मेकॅनिकनं बरोबर लावलंय का हे मालकाला कसं कळणार?

गिअरबॉक्स चढवायच्या आधी फोन करा म्हणून सांगून ठेवा आणि जाऊन बघा. चांगला मेकॅनिक दाखवतो. शाफ्टचे दाते ओलसर दिसले पाहिजेत, गोळे दिसता कामा नयेत. फोर्कच्या बॉलवर ग्रीस आहे का विचारा. स्लीव्ह प्लास्टिकची असेल तर कोरडी आहे का बघा. पायलट बदललं का विचारा, जुनं दाखवा म्हणा. जुने पार्ट पोत्यात घालून घरी न्या, बेअरिंग फिरवून बघा, काय झालं होतं ते कळतं. बिलात किटबरोबर दोन ऑइल सील आणि पायलट बेअरिंग वेगळं लिहून घ्या, पुढच्या वेळी कुणीही गाडी उघडली तरी काय बदललंय ते कागदावर असतं.